नकाशावरचा ताजा ठिपका आणि १८ किलोमीटरची चूक

पार्श्वभूमी

घाटरस्त्यावरची ८० किलोमीटरची सायकल स्पर्धा. मोबाइलला अर्ध्या वाटेत रेंज नाही, म्हणून संपर्काचं काम हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ चालवणाऱ्या मंडळींकडे आलं. बोलण्यासाठी व्हीएचएफ रिपीटर, म्हणजे आवाज उचलून पुन्हा दूरवर सोडणारं केंद्र, होताच. शिवाय गाड्या नकाशावर दिसाव्यात म्हणून एपीआरएस वापरायचं ठरलं. एकूण ११ फिरती केंद्रं होती : पुढची गाडी, शेवटच्या स्वाराच्या मागून येणारी गाडी, दोन अ‍ॅम्ब्युलन्स, गस्तीच्या चार मोटरसायकली आणि तीन तपासनाक्यांवरच्या तीन गाड्या. मी नियंत्रण कक्षात दुसऱ्या खुर्चीवर होतो. म्हणजे नकाशा माझ्यासमोर आणि माइक शेजारच्याच्या हातात. ही वाटणी पुढे महत्त्वाची ठरली.

एपीआरएस नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडीतला ट्रॅकर जीपीएसकडून जागा घेतो, तिचं छोटं पॅकेट बनवतो आणि १२०० बॉडच्या (सेकंदाला १२०० बिटांच्या) वेगाने, १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत ते हवेत सोडतो. डोंगरावरचा डिजिपीटर ते ऐकतो आणि पुन्हा प्रक्षेपित करतो. जागेच्या पॅकेटला पोच नसते. गाडीने सांगितलं, कुणी ऐकलं तर ऐकलं. सगळे जण एकाच वारंवारतेवर असतात, उत्तर अमेरिकेत १४४.३९०, तर युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झ. ही पद्धत बॉब ब्रुनिंगा यांनी घडवली. १९८४ साली त्यांनी व्हीआयसी-२० या घरगुती संगणकावर १०० मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत असंच जागा कळवण्याचं काम केलं होतं. म्हणजे आमचं काम तसं जुन्याच वळणाचं. पण एपीआरएस म्हणजे वाहनं शोधण्याची यंत्रणा नव्हे, ती दोन्ही बाजूंनी माहिती देण्याघेण्याची यंत्रणा आहे, असं ब्रुनिंगा बजावत असत. आम्ही ते वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, एवढंच.

तयारीत काय ठरलं

बैठकीत मुख्य प्रश्न होता तो किती सेकंदांनी बीकन, म्हणजे जागेचं पॅकेट, द्यायचा. कुणीतरी म्हणालं, जितक्या लवकर तितकं अचूक. १५ सेकंदांवर एकमत झालं. पॅकेटचा मार्ग वाइड१-१, वाइड२-१ असा ठेवला, म्हणजे जवळच्या मदतनीस डिजिपीटरने एकदा आणि डोंगरावरच्याने एकदा पुढे ढकलायचं. चाचणी दोन गाड्यांवर घेतली. दोन्ही ठिपके लोण्यासारखे सरकत होते. टाळ्या झाल्या.

त्या खोलीत कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसलं असतं तर हे पुढचं सगळं टळलं असतं. आमचं एक पॅकेट साधारण १०० बाइटांचं होतं. १२०० बॉडला त्याला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. त्यात रेडिओ स्थिरावायला दिलेला ०.३ सेकंद धरा, झाला एक सेकंद. ११ केंद्रं दर १५ सेकंदांनी, म्हणजे मिनिटाला ४४ पॅकेटं. प्रत्येक पॅकेट दोनदा पुन्हा प्रक्षेपित व्हायचं, म्हणजे एकाचे तीन सेकंद. एका मिनिटात १३२ सेकंदांचं बोलणं कोंबायचा आमचा बेत होता! दोन गाड्यांच्या चाचणीत तो आकडा २४ होता, म्हणून सगळं सुरळीत दिसलं.

ट्रॅकर आधी ऐकून मग बोलतो, अशी एक समजूत असते. स्वस्तातले काही ट्रॅकर ऐकतच नाहीत. जे ऐकतात त्यांना डोंगराच्या पलीकडच्या गाडीचा आवाज पोचत नाही. दोघं एकाच वेळी बोलतात आणि डिजिपीटरच्या कानात खिचडी होते.

अडचण कशी वाढत गेली

सुरुवातीच्या तासाभरात ठिपके अडखळत होते. एखादी गाडी तीन-चार मिनिटं गायब व्हायची, मग उडी मारून पुढे दिसायची. त्यातच माझ्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डेड रेकनिंग' चालू होतं. गाडीचा आवाज आला नाही तर शेवटचा वेग आणि दिशा धरून ते ठिपका अंदाजाने पुढे सरकवतं. समुद्रावरच्या जहाजाला हे ठीक आहे. घाटातल्या गाडीला नाही. गस्तीची एक मोटरसायकल वळणावर गप्प झाली आणि तिचा ठिपका रस्ता सोडून सरळ दरीवरून निघाला. मी घाबरून विचारलं, तर स्वार पाणी पीत उभा होता. मी डेड रेकनिंग बंद केलं आणि मनाशी एक नियम बांधला : ज्याचं पॅकेट ताजं, त्याच्यावरच विश्वास. जुना ठिपका राखाडी होतो, त्याच्याकडे बघायचंच नाही.

नियम शहाणपणाचा वाटत होता.

निर्णयाची वेळ

१० वाजून ५ मिनिटांनी गस्तीच्या मोटरसायकलीचा आवाज आला : ५८व्या किलोमीटरजवळ सायकलस्वार पडला आहे, शुद्धीवर आहे, खांदा हलवता येत नाही. शेजाऱ्याने मला विचारलं, जवळची अ‍ॅम्ब्युलन्स कोणती?

नकाशावर हे दिसत होतं. अ‍ॅम्ब्युलन्स दोन ४९व्या किलोमीटरवर उभी, वेग शून्य, शेवटचं पॅकेट २० सेकंदांपूर्वीचं. अ‍ॅम्ब्युलन्स एक ६०व्या किलोमीटरवर, पण राखाडी. शेवटचं पॅकेट २३ मिनिटांपूर्वीचं. तेवीस मिनिटांत ती कुठेही गेली असेल. मी म्हणालो, दोन.

शेजाऱ्याने माइक उचलला. "अ‍ॅम्ब्युलन्स दोन, ५८व्या किलोमीटरला जाऊ शकाल का?"

"हो, निघतो."

संभाषण संपलं. तेव्हा घड्याळात १० वाजून ७ मिनिटं झाली होती. ९ किलोमीटर म्हणजे घाटात पंधरा मिनिटं, असा हिशेब आम्ही केला आणि गस्तीवाल्याला तसं कळवलं.

१० वाजून २२ मिनिटांनी गस्तीवाल्याने विचारलं, कुठे आहे गाडी? नकाशावर अ‍ॅम्ब्युलन्स दोन अजून ४९व्या किलोमीटरवरच, वेग शून्य, पॅकेट ताजं. निघतो म्हणून निघाले का नाहीत, या रागात आम्ही आवाज दिला. उत्तर आलं : "आत्ता ४०व्याला आलोय, जोरात येतोय." काही सेकंद आम्हा दोघांनाही काही सुचलं नाही. ती गाडी मुळात ३१व्या किलोमीटरवरून निघाली होती.

मग शेजाऱ्याने अ‍ॅम्ब्युलन्स एकला हाक मारली. खरखरीतून उत्तर आलं. ६१व्या किलोमीटरवर, वळणाच्या आडोशाला, गेला अर्धा तास तिथेच. सहा मिनिटांत, १० वाजून ३० मिनिटांनी, ते जखमी स्वाराजवळ पोचले. खबर मिळाल्यापासून २५ मिनिटं. योग्य गाडीला पहिल्याच वेळी हाक गेली असती तर आठएक मिनिटांत काम झालं असतं. स्वाराचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. उशिराने दुखापत वाढली नाही, पण तो रस्त्याच्या कडेला उन्हात सतराएक मिनिटं जास्त बसला.

म्हणजे ताजा ठिपका १८ किलोमीटरने खोटा होता आणि शिळा ठिपका एका किलोमीटरच्या आत खरा.

नेमकं काय झालं होतं

अ‍ॅम्ब्युलन्स दोनची गोष्ट आधी. ४९व्या किलोमीटरवर उभी असताना स्ट्रेचर बाहेर काढताना जीपीएसचा चुंबकी अँटेना डॅशबोर्डवरून घसरला आणि औषधांच्या पत्र्याच्या पेटीखाली गेला. जीपीएसला उपग्रह दिसेनात. जीपीएस आपल्या वाक्यात हे प्रामाणिकपणे कळवतो : जागा खात्रीची असेल तर 'ए', नसेल तर 'व्ही' असं अक्षर येतं. पण ट्रॅकरमधला 'खात्रीची जागा असेल तरच प्रक्षेपण' हा पर्याय आम्ही चालूच केलेला नव्हता. त्यामुळे ट्रॅकर शेवटची माहीत असलेली जागा दर १५ सेकंदांनी इमानेइतबारे पाठवत राहिला. पॅकेट नवं, बातमी जुनी. त्यानंतर ४२व्या किलोमीटरच्या नाक्याने त्यांना थेट, रिपीटरशिवाय, हाक मारली. ३१व्याला एका स्वाराला चक्कर आली होती. नियंत्रण कक्षाने ती हाक ऐकलीच नाही.

वर आणखी एक गंमत. ३१वा किलोमीटर डोंगरावरच्या डिजिपीटरच्या अगदी समोर आहे. एफएममध्ये दोन प्रक्षेपणं एकत्र आली की जोराचं असतं ते कमजोराला गिळतं. गर्दीत बाकीच्यांची पॅकेटं चिरडली जात असताना ज्या गाडीची माहिती चुकीची होती तिचाच आवाज सर्वांत खणखणीत पोचत होता.

अ‍ॅम्ब्युलन्स एक दरीच्या बाजूला होती. तिची पॅकेटं क्षीण पोचत होती आणि त्यांवर दुसऱ्यांची चढत होती. पॅकेटच्या शेवटी तपासणीचा अंक असतो. एक बिट जरी बिघडला तरी डिजिपीटर सगळं पॅकेट टाकून देतो. माणसाचा कान तसा नसतो. अर्धं वाक्य खरखरीत गेलं तरी 'एकसष्ट' एवढं कळतं. म्हणूनच जिथून पॅकेट येत नव्हतं तिथून आवाज आला.

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट नंतर चहाच्या वेळी कळली. अ‍ॅम्ब्युलन्स एकमधल्या ऑपरेटरने आमचं सगळं संभाषण ऐकलं होतं. पडलेला स्वार आपल्यापासून तीन किलोमीटरवर आहे, हे त्याला माहीत होतं. तो गप्प का बसला? "तुमच्याकडे नकाशावर आम्ही दिसतोय ना. तरी दोनला पाठवलं, म्हणजे काहीतरी कारण असेल असं वाटलं." नकाशा नसता तर तो पहिल्या सेकंदाला बोलला असता.

त्या दिवशीच केलेली दुरुस्ती

ट्रॅकरची मांडणी रस्त्यावर बदलता येत नाही, त्याला लॅपटॉप लागतो. पण बंद करता येतो. तीन नाक्यांवरच्या गाड्या दिवसभर एका जागी उभ्या राहून दर १५ सेकंदांनी 'मी इथेच आहे' असं ओरडत होत्या. त्यांना ट्रॅकर बंद करायला सांगितलं आणि त्यांच्या जागा मी नियंत्रण कक्षातूनच 'ऑब्जेक्ट' म्हणून नकाशावर ठेवल्या. जोडीने फिरणाऱ्या मोटरसायकलींपैकी एकेकीचा ट्रॅकर बंद केला. ११चे ६ राहिले. दहा मिनिटांत नकाशा जिवंत झाल्यासारखा वाटला आणि अ‍ॅम्ब्युलन्स एकचा ठिपका राखाडीतून बाहेर आला.

दुसरं, दर २० मिनिटांनी प्रत्येक गाडीने आवाजावर किलोमीटर सांगायचा. मी तो वहीत लिहायचो. जुनाट पद्धत, पण उरलेला दिवस त्या वहीवरच निभावला.

पुढच्या स्पर्धेसाठी कोणते पर्याय होते

मोबाइलवरचा माग हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला. जिथे गाडी सापडायला हवी तिथेच रेंज नाही.

वेगळी वारंवारता घ्यावी, असा आग्रह काहींनी धरला. त्यात तथ्य होतं. स्पर्धेच्या दिवशी आमच्या गोंगाटाने इतरांचीही वाट अडली होती. एका हॅमच्या हवामान केंद्राचे अहवाल सकाळभर पुढे गेलेच नाहीत, आणि त्याने ते आम्हाला पुरेशा स्पष्ट शब्दांत कळवलं. पण डोंगरावरचा डिजिपीटर सामायिक आहे, आमच्यासाठी त्याची वारंवारता कुणी बदलणार नाही. वेगळ्या वारंवारतेवर गेलो तर डोंगरावर आपला दुसरा डिजिपीटर चढवायचा, त्याची बॅटरी आणि राखण सांभाळायची. माणसं तेवढी नव्हती. ती असती तर मी आजही तोच पर्याय निवडला असता.

लोरा या कमी शक्तीच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीवरचं एपीआरएस हा तिसरा मार्ग होता. क्षीण संकेत उचलण्यात ते सरस आहे, पण प्रत्येक गाडीत नवा संच आणि वाटेवर नवे रिसीव्हर लागले असते. तो पुढच्या वर्षावर ढकलला.

शेवटी उरला तो कंटाळवाणा पर्याय : आहे तेच ठेवायचं, पण कमी बोलायचं.

काय बदललं

पॅकेट मायक-ई पद्धतीने आखूड केलं. यात अक्षांश पॅकेटच्या पत्त्याच्या जागेतच बसवतात, म्हणून ते निम्म्याहून लहान होतं. ठरावीक सेकंदांऐवजी स्मार्टबीकनिंग लावलं : गाडी वेगात असेल तर लवकर, उभी असेल तर दहा मिनिटांनी, आणि वळण घेतलं की लगेच. इथे घाटाने पुन्हा हिसका दिला. नागमोडी रस्त्यावर प्रत्येक वळणाला बीकन सुटायचा आणि चाचणीत आम्ही परत जवळजवळ १५ सेकंदांवरच आलो. दोन वळण-बीकनांमधलं किमान अंतर ४५ सेकंद केल्यावर ते थांबलं. सपाट रस्त्यावरच्या कुणाची तरी मांडणी जशीच्या तशी उचलल्याचं हे फळ.

अचूकतेचा बाऊही उतरला. सायकलीमागून २० किमी वेगाने जाणारी गाडी १५ सेकंदांत ८३ मीटर जाते, मिनिटात ३३३. नियंत्रण कक्षाला त्या फरकाचं काय करायचं आहे? एपीआरएसच्या साध्या पॅकेटात जागाच मुळी मिनिटाच्या शंभराव्या भागात, म्हणजे सुमारे १८ मीटरच्या पावलात सांगितली जाते.

दरीतल्या भागासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा मदतनीस डिजिपीटर ठेवला, फक्त वाइड१-१ला उत्तर देणारा. पहिल्या चाचणीत तो आम्ही मोठ्या हौसेने कड्यावर नेला. तिथे त्याला सगळ्याच गाड्या ऐकू येऊ लागल्या आणि गरज नसलेलं प्रत्येक पॅकेट तो दुप्पट करू लागला. मग खाली, दरीच्या तोंडाशी आणला. मदतनीसाला कमीच ऐकू यायला हवं. वाइड१-१चा मार्गही दरीत जाणाऱ्या गाड्यांनाच दिला, बाकीच्यांना नुसतं वाइड२-१.

नाक्यांवरच्या गाड्यांना ट्रॅकरच नाही. आठ फिरत्या गाड्या, सरासरी मिनिटाला एक आखूड पॅकेट आणि बहुतेकांची एकच पुनरावृत्ती : मिनिटातले सुमारे १० सेकंद. पूर्वी १३२.

एका मोटरसायकलीचा ट्रॅकर तरीही दिसत नव्हता. त्याचा आवाज रेडिओवर छान मोठा यायचा, आणि तेच दुखणं होतं. ट्रॅकरच्या स्वरांची पातळी इतकी चढवली होती की स्वर चिरडले जात होते. ती उतरवून डेव्हिएशन (स्वरांमुळे वारंवारता किती सरकते ते माप) ३ किलोहर्ट्झच्या आसपास आणल्यावर पॅकेटं उलगडू लागली. स्पीकरवर जोरदार वाटतं ते डिकोडरला चांगलं असतंच असं नाही.

'खात्रीची जागा असेल तरच प्रक्षेपण' हा पर्याय चालू केला. त्यावर बराच वाद झाला. एक बाजू म्हणाली, गाडी निदान जिवंत आहे हे तरी जुन्या जागेच्या पॅकेटातून कळतं. माझं मत त्या दिवसापासून पक्कं आहे : गप्प गाडीबद्दल मी विचारणा करतो, खोटं बोलणाऱ्या गाडीबद्दल करत नाही.

माझ्यासमोर नकाशाच्या जोडीला एक तक्ता आला. त्यात दोन रकाने : 'शेवटचं ऐकलं' आणि 'शेवटचं हललं'. पहिल्या स्पर्धेत हा दुसरा रकाना असता तर अ‍ॅम्ब्युलन्स दोन चाळीस मिनिटं तसूभरही हललेली नाही, हे डोळ्यांत भरलं असतं. जीपीएस उभ्या गाडीची जागाही थोडी इकडेतिकडे दाखवतो. इतका निश्चल ठिपका संशयास्पदच असतो.

बोलण्याचा नियमही बदलला. 'जाऊ शकाल का' विचारण्याआधी 'कुठे आहात' विचारायचं. आणि जवळ असलेल्या गाडीने, नकाशावर दिसत असो वा नसो, स्वतःहून बोलायचं.

परिणाम

दुसऱ्या स्पर्धेत शेवटची गाडी 'शेवटचं हललं'च्या रकान्यात १४ मिनिटांवर गेली. विचारलं, तर चाक पंक्चर. पर्यायी गाडी पाठवली. दोनदा अ‍ॅम्ब्युलन्स लागली आणि दोन्ही वेळा आवाजावर जागा विचारूनच गाडी ठरवली. एकदा नकाशा आणि उत्तर यांत दोन किलोमीटरचा फरक होता, पण निवड तीच राहिली.

काही गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. पॅकेटं आयगेटमार्फत, म्हणजे रेडिओ आणि इंटरनेट जोडणाऱ्या केंद्रामार्फत, इंटरनेटवर जातात, तिथे ती कुणालाही दिसतात, आणि स्पर्धकांचे नातेवाईक 'शेवटची गाडी तिथेच का अडकली' म्हणून आयोजकांना फोन करतात. आयगेट बंद ठेवावा का, यावर आमच्यात दोन तट आहेत. आणि मदतनीस डिजिपीटर असूनही ५९ ते ६२ किलोमीटरचा तुकडा मुकाच आहे. तिथे मी नकाशावर पेन्सिलीने तिरप्या रेघा मारल्या आहेत. दुसऱ्या स्पर्धेत अ‍ॅम्ब्युलन्स एक ९ मिनिटं त्या रेघांत होती. मी वहीत '१०.४१, रेघांत गेली' असं लिहिलं आणि दहा मिनिटांचं घड्याळ लावलं. ते वाजायच्या आत ती ६३व्याला वर आली.